कुरुवैच्या दिवसांतल्या सब्जेक्ट लाइन

सोमवार, 9 जून 2025
तिरुवैयारूजवळचं गाव

भाताच्या गोदामावरची खोली मिळाली आहे. खिडकीतून कुडमुरुट्टी नदीचं कोरडं पात्र दिसतं. पुढचे दोन महिने इथे बसून मराठी ई-मेल लिहायचे आहेत. संस्था शेतकऱ्यांची आहे. जुन्या वाणांचा तांदूळ पिकवून ती थेट घरोघर पाठवते. गिऱ्हाईक चेन्नई आणि बंगळूरूचं जास्त, पण पुण्या-मुंबईचंही बरंच आहे, आणि परदेशात गेलेली काही तंजावरी मराठी घरंही यादीत आहेत. तमिळ आणि इंग्रजी मजकूर इथली मंडळी लिहितात, मराठी माझ्याकडे.

आज जुने मेल वाचून काढले. आतला मजकूर फार चांगला आहे. कोणी पेरलं, कधी कापलं, किती दिवस वाळवलं, तांदूळ किती वेळ भिजत घालायचा, सगळं नीट दिलेलं. वरची ओळ मात्र एक तर ‘मासिक वार्तापत्र’, नाही तर ‘खास सवलत! त्वरा करा!’. डोंबिवलीहून लोकलनं निघालेल्या बाईला हा मेल दिसतो तो बँक, विमा आणि कपड्यांच्या दुकानांच्या अशाच ओळींमध्ये. आत तांदूळ आहे, तोही कुणीतरी नाव-गाव सांगून पाठवलेला, हे तिला बाहेरून कळायला मार्गच नाही. मग तिनं तो उघडावा कशाला?

या ओळीचा जन्म विक्रीसाठी झालेला नाही. नेटवर्कवरच्या टपालावर पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि विषय एका ठरावीक रीतीनं लिहावेत असा प्रस्ताव 1973 मध्ये आला, आरएफसी 561 या क्रमांकाचा. विषय वर लिहिला की पत्र न उघडताच त्यात काय आहे ते वाचणाऱ्याला कळतं. पाचच वर्षांनी, 3 मे 1978 रोजी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात सुमारे 400 जणांना न विचारता पाठवली आणि तक्रारींचा पाऊस पडला. वाचणाऱ्याची सोय तेव्हापासून विकणाऱ्याच्या हातात गेली. मला ती वाचणाऱ्याला परत द्यायची आहे. या कामात मला रस आहे तो एवढ्यासाठीच.

मंगळवार, 10 जून

सकाळ गोदामात गेली. गोदाम सांभाळणाऱ्या अक्का प्रत्येक पोत्याची शिवण थोडी उसवून मूठभर दाणे माझ्या तळव्यावर ठेवत होत्या. काळाभोर करुप्पु कवुनी. तांबूस माप्पिळ्ळै सांबा, जावयाच्या अंगात बळ यावं म्हणून खाऊ घालायचा. काट्टुयानम, ज्याचं पीक हत्ती दडेल एवढं उंच वाढतं असं म्हणतात. जुईच्या कळीसारखी पांढरी तूयमल्ली. जिऱ्यासारखा बारीक सीरग सांबा, आपल्याकडे जिरेसाळ आहे तसाच. शेतकऱ्यांनी वाणाला नाव देताना त्याच्याबद्दलची एकच ठळक गोष्ट निवडली आहे. उंची, नाही तर रंग, नाही तर दाण्याचा आकार. सगळे गुण एका नावात कोंबलेले नाहीत. माझ्या ओळीलाही हेच जमायला हवं.

हे वाण टिकले त्यामागे माणसं आहेत. तिरुवारूर जिल्ह्यातल्या तिरुत्तुरैपूंडी भागात नेल जयरामन यांनी जुनी बियाणी गोळा केली. बियाणं न्यायचं आणि पुढच्या वर्षी दुप्पट परत आणायचं, या बोलीवर ते शेतकऱ्यांना वाटत. ते 2018 च्या डिसेंबरात गेले. त्यांच्या कष्टाचा माल विकताना ‘धमाका’ हा शब्द माझ्याच्यानं लिहवणार नाही.

गुरुवार, 12 जून

कावेरीवरच्या मेट्टूर धरणातून डेल्टासाठी पाणी सोडण्याची ठरलेली तारीख 12 जून. गेल्या वर्षी धरणात पुरेसं पाणी नव्हतं, ते सुटायला 28 जुलै उजाडला आणि कुरुवै या भाताच्या हंगामाचं गणित बिघडलं. यंदा तारीख पाळली गेली. सकाळी गावात फोनवर फोन चालू होते. मी ओळ करून ठेवली होती: ‘मेट्टूर उघडलं, कावेरी निघाली’. संध्याकाळी पाचची वेळ लावली.

दुपारी अहमदाबादहून विमान कोसळल्याची बातमी आली. लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान, आत 242 माणसं. तंबी, म्हणजे इथलं संगणकाचं सगळं काम बघणारा मुलगा, फोन हातात धरून जिन्यातच बसला. मी वेळ लावलेला मेल काढून टाकला. त्याला कारण सांगावं लागलं नाही. त्या संध्याकाळी लोक ज्या इनबॉक्समध्ये नातेवाइकांची खबर शोधत असतील, तिथे आपली आनंदाची ओळ जायला नको. आमच्या यादीत लंडनची घरंही आहेत.

वेळ लावून ठेवण्याची सोय चांगली आहे. पण मेल सुटेपर्यंत कुणीतरी जागं माणूस त्याच्यापाशी हवंच.

सोमवार, 16 जून

काल कल्लणै उघडलं. करिकाल चोळाच्या नावानं ओळखलं जाणारं हे बंधाऱ्याचं काम. इथून पाणी कावेरी, वेण्णार आणि ग्रँड अनिकट कालवा अशा वाटांनी डेल्टात जातं, आणि पूर आला तर जादा पाणी कोळ्ळिडममध्ये सोडतात. मेट्टूरहून इथवर यायला त्याला तीन दिवस लागले.

आता ओळ. दिवसभर तीच चालली होती.

पहिली: ‘डेल्टातील शेतकऱ्यांसाठी आनंदवार्ता: कावेरीच्या पाण्याचे उत्साहात स्वागत’. वर्तमानपत्राची भाषा. फोनवर ओळीची सुरुवातच दिसते, म्हणजे ‘आनंदवार्ता’ दिसेल आणि कावेरी कापली जाईल.

दुसरी: ‘पाणी आलं!’ आटोपशीर आहे. पण जूनमध्ये मुंबईच्या माणसाला ‘पाणी आलं’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे पाण्यानं तुंबलेलं हिंदमाता उभं राहतं, आणि पुण्याच्या माणसाला पिंप भरायचं आठवतं. दोघंही घाबरून उघडतील. उघडतील हे खरं, पण आत तांदूळ बघून चिडतील आणि पुढच्या वेळी आपलं नाव दिसलं की सरळ पुढे जातील.

तिसरी: ‘कल्लणैहून कावेरीचं पाणी सुटलं आणि पूंगारची पेरणी सुरू झाली’. सगळं खरं आहे, फक्त लांब. पूंगार हा तीनेक महिन्यांत तयार होणारा तांबडा तांदूळ, आणि खरी बातमी तोच. तो शेवटी गेला.

चौथी: ‘कावेरी आली, पूंगार पेरतोय’. हीच ठेवली. ‘पेरतोय’मध्ये कर्ता आहे. कोण पेरतंय? ते पाठवणाऱ्याच्या नावात दिसतं, म्हणून तिथे नुसतं संस्थेचं नाव होतं त्याला गावाचं नाव जोडलं. माणूस आधी नाव वाचतो, मग ओळ. मजकुराची जी पहिली ओळ बाहेर फिकट अक्षरांत दिसते तिथे आजवर ‘हा मेल नीट दिसत नसल्यास इथे क्लिक करा’ असं यायचं. ते काढून लिहिलं: ‘ऑक्टोबरच्या तांदळाची नोंदणी आजपासून. भाव आत दिला आहे.’

संध्याकाळी पाठवला. पाणी कुडमुरुट्टीत उतरल्याचं अक्कांनी खालून ओरडून सांगितलं तेव्हा मेल गेलेला होता.

गुरुवार, 19 जून

नागपूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं फोटो पाठवला. त्यांच्या संगणकावर ओळीच्या मध्येच काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं उमटली होती. तंबीनं आणि मी अर्धा दिवस त्याचा माग काढला.

ई-मेलचा मथळ्याचा भाग मुळात रोमन अक्षरांसाठी बांधलेला. इतर लिप्यांना वाट कशी द्यायची ते 1996 च्या आरएफसी 2047 मध्ये दिलं आहे. मजकूर सांकेतिक रोमन अक्षरांत बदलायचा आणि 75 अक्षरांहून मोठा नसेल अशा तुकड्यांत पाठवायचा. देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. हिशेब केला तर एका तुकड्यात आपली जेमतेम 15 चिन्हं मावतात. त्यातही ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर, संगणकाला सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. तुकडा चिन्हाच्या मधोमध तोडू नये असा नियम आहे, पण मेल पाठवणारं प्रत्येक सॉफ्टवेअर तो पाळतंच असं नाही. आमचं पाळत नव्हतं. तंबीनं ते बदललं.

मराठीत ओळ लिहिणाऱ्यानं ती वेगवेगळ्या फोनवर स्वतःला पाठवून बघितल्याशिवाय सोडू नये. जोडाक्षरं फुटलेली ओळ आली की वाचणारा समजतो, कुणी लबाड माणूस आहे. त्याचा तरी काय दोष!

बुधवार, 25 जून
तंजावर

थोरल्या देवळाच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख पाहिला. सरफोजी राजे दुसरे यांनी 1803 मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा इतिहास. भिंतभर देवनागरी, आजूबाजूला तमिळ बोलणारी गर्दी. मी ओळीवर बोट न टेकवता, हवेतच फिरवत वाचत होते. दुपारी सरस्वती महाल ग्रंथालय. इथल्या मराठी दरबाराचे मोडी कागद गाठोड्यांच्या गाठोड्यांनी राहिले आहेत. आलेल्या पत्रावर ते कधी पोचलं याची पैवस्तीची तारीख घालायची मराठी कारकुनांची शिस्त होती. पत्र लिहिलं कधी याइतकंच ते हाती कधी पडलं याला महत्त्व देणारी माणसं ही. मला 12 जूनची संध्याकाळ आठवली.

संध्याकाळी एका तंजावरी मराठी घरी गेले. मामी सत्तरीच्या पुढच्या. त्यांची मराठी घरात वाढलेली, तमिळच्या चालीवर बोललेली. शाळेत त्या तमिळ शिकल्या, देवनागरी वडिलांकडून. त्यांना ‘कावेरी आली, पूंगार पेरतोय’ दाखवलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि लगेच विचारलं, “कोणाचं शेत?” मी सांगितलं. “मग नाव घाल की आत. आमच्यात नाव घेतल्याशिवाय तांदूळ घेत नाहीत.” आत नाव होतंच. पण त्यांच्या तोंडून तो पहिला प्रश्न ऐकला तेव्हा समाधान वाटलं. ओळ वाचून जो प्रश्न मनात यावा तोच आला होता, आणि त्याचं उत्तर आत होतं.

मंगळवार, 1 जुलै

मेट्टूर काठोकाठ भरलं आहे, तरी गावाच्या शेवटच्या वाफ्यांना पाणी पुरतं पोचलेलं नाही. टोकाच्या शेताला इथे कडैमडै म्हणतात. तिथला शेतकरी आज गोदामात येऊन शांतपणे सगळं सांगून गेला. त्याची पेरणी मागे पडली, म्हणून त्याच्या वाटच्या नोंदण्या थांबवल्या. ज्यांनी नोंदणी केली होती त्यांना ओळ: ‘तुमचा पूंगार उशिरा येईल’. तंबीला वाटलं, वाईट बातमी वर कशाला? वरच हवी. पैसे ज्यांचे अडकले आहेत त्यांना ती आत शोधायला लावणं बरं नाही.

रविवार, 6 जुलै

आषाढी एकादशी. संस्थेच्या वेळापत्रकात आज मराठी यादीला सीरग सांबाच्या मसालेभाताचा मेल जायचा होता. मी तो आठवड्यापूर्वीच उद्यावर ढकलला होता. वरईचे तांदूळ खाऊन बसलेल्या घरात मसालेभाताचा फोटो कशाला पाठवायचा! इथल्या मंडळींना आडी महिना माहीत, 17 जुलैपासून तमिळ दुकानांचा आडी सवलतीचा मारा सुरू होईल. आपला श्रावण 25 तारखेला. दोन्ही पंचांगं आता शेजारी शेजारी भिंतीवर लावली आहेत.

गुरुवार, 10 जुलै

आज वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

संस्थेला सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांनी ओळी सुचवून पाठवल्या. एक: ‘Re: तुमची ऑर्डर’. आधी काही पत्रव्यवहार झाला आहे असं भासवायचं. दुसरी: ‘मधुमेहावर रामबाण: काळा तांदूळ’. तिसरी: ‘शेवटचे 3 तास’. मी तिन्हींना नाही म्हटलं आणि का, ते बैठकीत सगळ्यांसमोर मांडलं.

पहिली ओळ खोटी आहे. अमेरिकेत 2003 च्या कॅन-स्पॅम कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या सब्जेक्ट लाइनला मनाई केली आहे आणि आपली काही गिऱ्हाइकं तिथे राहतात. तंबीनं यात भर घातली. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना नियम घातले आहेत: पाठवणारा खरा आहे याची तांत्रिक खूण हवी, एका क्लिकनं यादीतून बाहेर पडता यायला हवं, आणि स्पॅम म्हणून तक्रार करणारे हजारी तीनच्या आत हवेत. त्या नियमांतले दिवसाला 5,000 मेल आपण पाठवत नाही, तरी फसलेल्या माणसाचं बोट स्पॅमच्याच बटनाकडे जातं. तशा तक्रारी साठल्या की आपला खरा मेलही कुणाला दिसत नाही.

दुसरीबद्दल मी जास्त वेळ बोलले. करुप्पु कवुनीचा काळा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांच्यावर अभ्यास होतात, तो कोंड्यासकट खाल्ला जातो, चवीला छान लागतो. इतकं म्हणावं. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करणं हा 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याखाली गुन्हा आहे, त्या कायद्याच्या यादीत मधुमेह नावानिशी आहे. आणि कायदा नसता तरी? ती ओळ वाचून एखाद्या आजोबांनी गोळी सोडली तर? काळा असला तरी तो भातच आहे, त्यात पिष्ट आहे. अक्का तोवर गप्प होत्या. त्यांच्या यजमानांना मधुमेह आहे. त्या म्हणाल्या, “आमच्या घरी हाच तांदूळ असतो. मापानं देते, आणि गोळीही देते.” त्यानंतर त्या ओळीचं नाव कुणी काढलं नाही.

मी दिलेली ओळ: ‘काळा तांदूळ रात्री भिजवा’. कवुनी भिजवल्याशिवाय नीट शिजत नाही, आणि घरी नेऊन न भिजवता शिजवलेल्यांच्या तक्रारीच जास्त असतात. ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनाही हा मेल उपयोगाचा.

तिसऱ्या ओळीवर एकच विचारलं, तीन तासांनंतर तांदूळ संपणार आहे का?

शुक्रवार, 18 जुलै

तंबीनं दोन ओळींची चाचणी घेतली. अर्ध्या यादीला एक, अर्धीला दुसरी. निकालावर तो खूश होता, मी त्याला थोडं थांबवलं. आमची मराठी यादी काही शेकड्यांची. फरक पडला दहा-बारा माणसांचा, आणि एवढा फरक एकच ओळ दोनदा पाठवली तरी पडू शकतो. बराक ओबामांच्या 2012 च्या प्रचारात अशा चाचण्यांची मोठी यंत्रणा होती, पण त्यांची यादी लाखोंची. तिथे ‘माझ्यापेक्षा विरोधक जास्त खर्च करणार’ अशा अर्थाच्या साध्या ओळीनं 25 लाख डॉलरहून अधिक देणगी आणली. कोणती ओळ चालेल हे त्या अनुभवी लोकांनाही आधी सांगता येत नव्हतं.

दुसरं असं की किती जणांनी मेल उघडला हा आकडाच आता भरवशाचा नाही. सप्टेंबर 2021 पासून अॅपलचा मेल चित्रं आपणहून आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे न वाचलेला मेलही वाचला म्हणून मोजला जातो. मी तंबीला उत्तरं मोजायला सांगितलं, आणि ऑर्डरी. ‘काळा तांदूळ रात्री भिजवा’ला सर्वांत जास्त उत्तरं आली आहेत. बहुतेकांचा प्रश्न एकच, किती तास?

रविवार, 3 ऑगस्ट

आडी पेरुक्कु, आडी महिन्याचा अठरावा दिवस. पहाटेपासून तिरुवैयारूच्या घाटावर बायका. हळद, फुलं, काळे मणी, ताडपत्राची कर्णभूषणं, नदीला ओवाळणं. घरोघर चिंचेचा भात, लिंबाचा भात, खोबऱ्याचा भात. आज मेल नाही. आज गोदामही बंद.

मंगळवार, 5 ऑगस्ट

गणेश चतुर्थी 27 तारखेला. पुण्या-मुंबईकडून विचारणा येते आहे, मोदकाच्या पिठीला यातला कोणता तांदूळ चालेल? आंबेमोहराची सवय असलेल्या हातांना उत्तर द्यायचं तर करून बघायला हवं. मामींना तंजावरहून बोलावलं. त्या इथल्या कोळुक्कट्टैही करतात आणि सासूनं शिकवलेले मोदकही.

तीन कच्चे तांदूळ, म्हणजे इथलं पच्चरिसी, धुऊन सावलीत वाळवून दळून आणले होते. पूंगारची उकड चवीला गोड लागली, पण रंग तांबूस. मामी म्हणाल्या, घरी खायला उत्तम, नैवेद्याला पांढरा लागतो. सीरग सांबाचा वास खोलीभर दरवळला, पण पारी करताना कडा चिरत होत्या. तूयमल्लीची उकड मामींनी तेलाच्या हातानं मळली, अंगठ्यानं पारी फिरवली आणि कळ्या काढल्या. एकही चिरली नाही. वाफवून निघाले तरी कळ्या तशाच. मामींनी एक मोडून आतली जाडी पाहिली, मग दुसरा अक्कांना दिला. “पाण्यात दुधाचा चमचा घाला म्हणून लिही,” त्या म्हणाल्या, “आणि पिठी दोनदा चाळायची.”

ओळ आता लिहिता येते: ‘मोदकाची पिठी: तूयमल्ली, 14 ऑगस्टपर्यंत’. ही मुदत खरी आहे. त्यानंतर निघालेलं पार्सल चतुर्थीआधी पोचेल याची हमी कुरियरवाला देत नाही. बाहेर दिसणारी दुसरी ओळ: ‘तंजावरच्या मामींनी करून पाहिली. पूंगार आणि सीरग सांबाचं काय झालं तेही आत.’ न जमलेल्या दोन तांदळांचे फोटो आत घातले आहेत. तंबीला वाटत होतं वगळावेत, मग अक्कांनीच ठेवायला सांगितले.

किती पिठी देता येईल ते उद्या सकाळी तूयमल्लीची पोती काट्यावर चढली की कळेल. आकडा आत घालायचा, आणि दहाला पाठवायचं.